एरियलचा हार

बेंगळूरच्या मल्लेश्वरमात त्या काळी मोटारीत रेडिओ बसवायचा म्हटलं की त्रिविक्रमअण्णांचं नाव निघे, आणि पाठोपाठ कुणीतरी बजावी, "पण जरा सांभाळून बोला हं." साठ सालच्या आगेमागेची ही गोष्ट. माणूस गुणाचा, पण तोंडाचा फटकळ. एखादे वकीलसाहेब ऐटीत गाडी उभी करून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" की अण्णा हातातला पाना खाली ठेवत. "संध्याकाळपर्यंत हवं असेल तर मागच्या सीटवर गवई बसवा. रेडिओला स्वल्प वेळ लागतो." वकीलसाहेब मनातल्या मनात चार शिव्या हासडत आणि गाडी तिथेच ठेवून पायी घरी जात.

प्राणेशला गाण्याबजावण्याचा शौक नव्हता. विमा कंपनीत नोकरी, घरी बायको, जुनी घेतलेली एक मॉरिस गाडी, एवढ्यात तो सुखी होता. रेडिओ हवा होता तो त्याच्या आईला, कृष्णाबाईंना, आणि तोही एका संध्याकाळपुरता.

कृष्णाबाईंचं माहेर बेळगावकडचं. धाकटा भाऊ भीमाचार्य पुण्याला जाऊन कीर्तनकार झाला. आईच्या तेराव्याला दोघांत शब्दाला शब्द लागला आणि कृष्णाबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, "या जन्मी तुझं तोंड बघणार नाही." बोलून गेल्या आणि मग तो शब्द पाळत बसल्या. भाऊ तरी कुठे कमी? एकाच आईची लेकरं. तेव्हा प्राणेशला मिसरूड फुटायचं होतं. आता त्याच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं, तरी बहीणभावांत चिठ्ठी नाही की निरोप नाही.

त्या वर्षी भाद्रपदात पुण्याहून एक पाहुणा आला आणि सहज बोलून गेला की खंडेनवमीच्या संध्याकाळी पुणे केंद्रावरून भीमाचार्यांचं कीर्तन आहे. "शेवटचंच म्हणा. छाती साथ देत नाही, यंदापासून कीर्तन बंद." कृष्णाबाई पाहुण्याला पान वाढायला उठल्या. जेवताना मात्र ताटातला भात चिवडत म्हणाल्या, "तोंड बघणार नाही म्हटलं होतं मी. ऐकणार नाही असं कुठे म्हटलं होतं?"

घरातल्या रेडिओवर पुणे लावावं तर पलीकडच्या पिठाच्या गिरणीची घरघर तेवढी ऐकू येई. तोड अण्णांनीच काढली. "गाडीत बसवू या. दिवेलागणीला होसकोट्याच्या रस्त्याने गावाबाहेर जा आणि गाडी बंद करून बसा. तिथे गिरणी नाही, विजेच्या तारा नाहीत. पुणं शेजारच्या घरात बोलल्यासारखं ऐकू येईल."

अण्णांची रीत उफराटी. रेडिओ खोक्यातच ठेवून ते आधी इंजिनात डोकं घालत. "गाडीच बडबड करत असेल तर रेडिओचं कोण ऐकणार?" ठिणगी पाडणारी एकेक जागा हुडकून तिला टोपी घालायची, डायनॅमोची कुरकुर मोडायची, बॉनेट जाड वेणीच्या तारेने गाडीच्या अंगाला बांधून टाकायचं. मग अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसत आणि प्राणेशला संपिगे रस्त्यावरून फिरवत. मध्येच म्हणत, "थांबव." प्राणेशला काही ऐकू आलेलं नसे. अण्णा उतरून कुठलीशी तार अंमळ सरकवत आणि पुन्हा डोळे मिटत. पहिल्या दिवशी प्राणेशला हा निव्वळ चोखंदळपणा वाटला. पुढे पुढे तो त्यांच्या तोंडाकडे बघतच राही, आणि आपण विम्याचे कागद कधी इतक्या मायेने हाताळले आहेत का, असं त्याच्या मनात येई.

सगळ्यात शेवटी एरियल. मडगार्डला भोक पाडून, रबराच्या चकतीत बसवून अण्णांनी ती उंच कांडी उभी केली. "हे बघ प्राणेश, ही कांडी गाडीच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. टेकली की आलेला आवाज पत्र्यात जिरला. मग रेडिओला उपास." हात पुसत त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "त्रिविक्रमने बसवलेला रेडिओ परत येत नाही. आला तर पाटी उतरवीन." उरलेली तांब्याची तार गाडीतच राहिली.

खंडेनवमी उजाडली. अण्णांच्या घरी पाने, पकडी, डाग द्यायची कांडी, सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली गेली, त्यांना हळदकुंकू लागलं, फुलं वाहिली गेली. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही वाडवडलांपासूनची शिस्त. इकडे प्राणेशने गाडी न्हाऊ घातली. कृष्णाबाईंनी गाडीवरून कोहळा ओवाळून फोडायला लावला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि शेवंतीचा जाडजूड हार स्वतःच्या हाताने एरियलला बांधून पुढच्या दिव्यापर्यंत आणून सोडला. ज्या कांडीतून भावाचा आवाज यायचा, तिचा मान मोठा.

उन्हं कलली तशा त्या ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. प्राणेशने बटण फिरवलं. दिवा लागला, आत घूं झालं, आणि बाकी काही नाही. पुणं राहू दे, गावातलं बेंगळूर केंद्रसुद्धा लागेना. काटा इकडून तिकडे नेला, पुन्हा आणला. कृष्णाबाई समोर बघत होत्या. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. "नशिबात नसेल." पदर त्यांनी डोळ्यांना लावला नाही, नुसता बोटाला गुंडाळत बसल्या. प्राणेशला ते बघवेना. तो अण्णांच्या घराकडे धावत सुटला.

अण्णांच्या बायकोने, कावेरीबाईंनी, दारातच हात आडवा केला. "आज हत्यारं उठत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"हत्यारं नाही उठत," आतून अण्णा म्हणाले. "मी उठतो."

"आणि पाना लागला तर?" प्राणेशने विचारलं.

अण्णांनी पाटाकडे पाहिलं. "लागला तर देवाच्या पाया पडून नेईन. काय व्हायचं ते माझं होईल. चल आधी."

गाडीपाशी शेजारीपाजारी जमले होते. अण्णांच्या तोंडाचा प्रसाद खाल्लेले एक वकीलसाहेबही होते. अण्णांनी कान लावून ती घूं ऐकली. "जीव शाबूत आहे. बाहेरचं आत येत नाही, एवढंच." ते एरियलकडे गेले आणि हाराच्या फुलांत बोटं घातली. बोटं थबकली. प्राणेश वाकून बघू लागला. हाराचा दोरा वजनाने तुटला असावा, म्हणून कुणीतरी चकचकीत तांब्याची तार कांडीच्या बुडाशी करकचून गुंडाळली होती आणि दुसरं टोक दिव्याच्या लोखंडी कड्याला पक्कं बांधलं होतं. तार अण्णांचीच, त्या दिवशी उरलेली. बांधणारी कोण, ते सांगायला नको होतं. काचेपलीकडे कृष्णाबाई हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

अण्णांनी जमलेल्या लोकांकडे पाठ केली. तार उलगडली, मुठीत चुरगाळली आणि खिशात घातली. मग उपरण्याच्या दशा तोडून त्यांनी तोच हार पुन्हा होता तसा बांधला. आत रेडिओवर कानडीतून नाचणीच्या कापणीची माहिती खणखणीत सुरू झाली. कृष्णाबाई दचकल्या.

"काय झालं होतं रे त्रिविक्रमा?"

"माझी चूक, अक्का. तार सैल राहिली होती माझ्याकडून."

वकीलसाहेबांना एवढंच हवं होतं. "म्हणजे अण्णा, तुमचा रेडिओ परत आला म्हणायचा."

"आला," अण्णा म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

होसकोट्याच्या रस्त्यावर नाचणीच्या शेतांच्या कडेला प्राणेशने गाडी बंद केली. अंधारून येत होतं. अण्णांनी मागून हात लांबवून काटा केसाकेसाने सरकवला. खरखर झाली, विरली, आणि टाळ वाजला. मग भीमाचार्य बोलू लागले. आवाज म्हातारा झाला होता. कृष्णाबाई पुढे वाकून, हाताचा पंजा रेडिओखाली धरून बसल्या, आणि कीर्तन संपेपर्यंत गाडीत कुणी पायसुद्धा हलवला नाही.

आरती झाली. त्यांनी नाक पुसलं. "दम लागतोय त्याला. लहानपणीही पळून आला की अस्साच बोलायचा. प्राणेश, उद्या सोनं वाटून झालं की पत्र टाक मामाला. इथली हवा छातीला चांगली, म्हणावं. ये म्हणावं." मग मागे वळून म्हणाल्या, "आणि त्रिविक्रमा, आज थोडक्यात निभावलं बाबा. पुढच्या वेळी काम घट्ट करत जा."

"सरी, अक्का. तसंच करीन."

अण्णांना घरी सोडताना प्राणेश म्हणाला, "मी खरं सांगतो तिला, अण्णा."

"काय सांगशील? आई, भावाच्या आवाजाचा गळा तूच आवळला होतास, म्हणून? गप्प बैस."

दसऱ्याला दुकानावरची पाटी खाली होती. रंग द्यायचाय, असं अण्णा विचारणाऱ्याला सांगत. दिवाळीत भीमाचार्य आले, दारात उभे राहिले, आणि कृष्णाबाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून पोटभर पाहिलं. त्याच दिवशी प्राणेश शिडी घेऊन गेला आणि त्याने पाटी वर चढवली. अण्णा खाली उभे राहून ती सरळ लागते की नाही ते बघत होते.

पुढे कृष्णाबाई होत्या तोवर दर खंडेनवमीला, आपली हत्यारं पूजेला बसवली की अण्णा दोऱ्यात गुंफलेला हार घेऊन सकाळीच दारात हजर होत. "एरियलला हार मीच घालणार, अक्का." कृष्णाबाई त्यांना कॉफी देत, आणि ते गेले की सुनेला हळूच सांगत, "त्या वर्षीची चूक बिचाऱ्याच्या फार मनाला लागलीय ग. कुणी त्याला बोलू नका."