गोटीरामच्या ट्रॅक्टरचा क्लच

गोटीरामची शेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली, तवा मोजनीत त्याचा एक बांध कोनीतरी खाल्ला. तवापासून त्याचा मानसावरचा इश्वास उडाला. जावयानं आनलेली मासळीबी तो टोपलीतून काढून मोजायचा. जवळ उरला होता एक म्हातारा ट्रॅक्टर. त्याच्यावर जुई गावाच्या बाजूला मातीच्या भरावाचं काम मिळालं. सोमवारी हजर नाय झाला तर काम दुसऱ्याला. आनि नेमका शुक्रवारी क्लच गेला.

उरनचा नामदेव मिस्त्री आला. असल्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच काढायचा म्हंजे ट्रॅक्टर मधून फोडायचा. खाली ओंडके लावायचे, इंजिन पुढं, धड मागं. गोटीराम समोर बसून ऱ्हायला, जेवायबी उठला नाय.

"प्लेट चांगली हाय, काका," नामदेव म्हनाला. "तिला दाबून धरनाऱ्या वरच्या झाकनाच्या स्प्रिंगा गेल्यात. झाकन नि प्लेट दोनीबी उरनला नेतो, स्प्रिंगा घालून आनतो."

"प्लेट कशाला नेतोस?"

"दाब तिच्यावरच बघायला लागतो."

हा माझी चांगली ठेवील नि कोनाची झिजलेली आनील, गोटीरामच्या मनात आलं. दिसनारी निशानी केली तर तशीच दुसरीवर करील. नामदेव चहाला गेला तसं यानं घरातलं खोबरेल आनलं नि प्लेटीला दोनी बाजूनं चोळलं. काळ्यावर काय दिसतंय.

रविवारी प्लेट परत आली. यानं नाकाला लावली. खोबरेलच. जीव भांड्यात पडला.

ट्रॅक्टर जोडला, ट्रॉली भरली, गियर टाकला. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक हलत नाय, खालून धूर.

"स्प्रिंगा खोट्या घातल्यास," गोटीराम चार मानसांत बोलला. "मला वाटलंच."

नामदेवनं सोमवारी सकाळी परत ट्रॅक्टर फोडला, प्लेट हातात घेतली नि थांबला. "काका, हिला तेल कोनी लावलं? तेलानं क्लच धरत नाय."

बायको चांगुनाबाई दारात होती. "तरीच बाटली खाली. मी उगाच सुनेला बोलले."

गोटीराम मग म्हनाला, "मीच."

नामदेवनं त्याला पॉलिशपेपर दिला, पेट्रोलचा डबा सरकवला. "घासा आता. मी बसतो बघत."

घासता घासता सोमवार गेला नि काम दुसऱ्या ट्रॅक्टरला गेलं. गोटीरामला म्हैनाभर घरी बसावं लागलं. पुढं तो क्लच आनखी दोनदा उतरला. नामदेव आला की गोटीराम उठून खाडीवर जायचा. जाताना चांगुनाबाईला मात्र हळूच सांगायचा, "तू बस जरा समोर."