गुडघे वाकव

विमानतळावर अण्णांनी माझ्या हातात निळी पिशवी कोंबली. "तुझंच आहे. घरात अडगळ झालीय." आत माझे जुने रोलर स्केट्स! माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, जपानात त्सुकुबाच्या एका संस्थेत नोकरी लागली होती, आमची जुई तीन वर्षांची, सामान आधीच वजनाबाहेर, आणि त्यात हे. मी चिडलेच. अण्णांनी जुईचं कानटोपरं नीट केलं आणि मागे न बघता निघून गेले.

पार्ल्याच्या मैत्रिणींनो, तुम्हाला ते स्केट्स आठवत असतील. क्लबच्या हॉलमध्ये लाल-निळे दिवे, छताला आरशांचा गोळा, कान फुटतील असं डिस्को, आणि आपण गोल गोल. कडेला लोखंडी खुर्चीवर माझे वडील, अण्णा, मांडीवर बँकेची बॅग, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. तो धिंगाणा त्यांना मुळीच पसंत नव्हता, पण मला एकटीला पाठवायचंही नव्हतं. मी जरा डगमगले की गाण्याच्या वर आवाज यायचा, "गुडघे वाकव! गुडघे!" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी जाताना पुन्हा ऐकायचं, "ताठ उभा राहतो तोच आधी पडतो."

जुई आठ वर्षांची असताना तो मोठा भूकंप झाला. पुढचा आठवडा नळाला पाणी नाही, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातल्या फळ्या रिकाम्या, टीव्हीवर सारखी अणुभट्टी, आणि दिवसातून कितीदा तरी जमीन थरथरायची. जुई माझ्या स्वेटरचं टोक सोडेना, संडासातसुद्धा मागे. ओळखीची भारतीय कुटुंबं एकेक करून निघाली. अण्णांचा रोज फोन, "घरी ये. पोरीला घेऊन घरी ये." मिलिंदला लॅब सोडता येत नव्हती. शेवटी आम्हा दोघींची रविवारची तिकिटं काढली. हे कळल्यापासून जुईने बोलणंच टाकलं.

शुक्रवारी दुपारी जोरदार धक्का बसला. दाराशी तयार ठेवलेली पिशवी उचलली, जुईला ओढलं आणि खालच्या बागेत धावले. सगळे शेजारी आपापल्या पिशव्या घेऊन शांत उभे, कोणाचा आरडाओरडा नाही. शेजारच्या सत्तरीच्या सातो-सान पाणी, टॉर्च, शिट्टी असं सगळं तपासत होत्या. मीही पिशवी उघडली. स्केट्स! सामान आवरताना कपाटातून काढून दाराशीच ठेवले होते ना मी. पाणी, पासपोर्ट, तिकिटं सगळं दुसऱ्या पिशवीत, वर. अगं बाई गं! सातो-साननी स्केट्सकडे पाहिलं आणि अदबीने नजर दुसरीकडे वळवली.

मी पासपोर्टसाठी परत निघाले तशी जुईने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. "मोदोरानाई!" चार दिवसांतला तिचा पहिला शब्द. शाळेतल्या भूकंपाच्या कवायतीत शिकवतात, ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, आणि मोदोरानाई, म्हणजे मागे फिरायचं नाही. मग मराठीत हंबरडा फोडला तिने. "मला नाही जायचं! आपण तिकडे गेलो आणि इकडे बाबांवर घर पडलं तर?"

भीतीने मी काठीसारखी ताठ झाले होते. तेवढ्यात जमीन पुन्हा हलली आणि माझे गुडघे आपोआप वाकले. जुईला घट्ट धरून मी तशीच उभी राहिले, पडले नाही. सातो-साननी त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी मीच फोन लावला. "अण्णा, आम्ही येत नाही. तिघं इथेच राहतो." ते ओरडतील म्हणून मी कान तयार ठेवला होता. त्यांनी एवढंच विचारलं,

"पाणी येतंय?"

"आजपासून येतंय."

"मग गुडघे वाकव," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला. ते रडत होते, हे आईने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

आम्ही राहिलो ते बरोबर की चूक, मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. अण्णा आता नाहीत, पार्ल्याचा फ्लॅट विकला. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी त्सुकुबा सांगते, आणि मनात मात्र ती कडेची लोखंडी खुर्ची येते. कोणीतरी आपल्यासाठी तिथे बसलेलं असणं, एवढंच माझं घर.

जुई क्योतोला शिकायला निघाली, तेव्हा स्टेशनवर दार बंद होताना माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "गुडघे वाकव!" अख्खा प्लॅटफॉर्म वळून बघायला लागला. पोरगी लाजेने लालबुंद.

पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला. "आई, लाज आणलीस. पण वाकवले."