पावती कोणाच्या नावानं?

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाचं कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं, ते केवळ मी बँकेत होते म्हणून. बँकेत आहे म्हणजे हिला पैशातलं कळत असणार! अहो, मी कित्येक वर्षं लॉकरच्या किल्ल्या सांभाळत होते. लोकांचे दागिने डब्यात गेले की दार लावायचं, एवढीच माझी अर्थशास्त्राशी ओळख. पण ऐकतंय कोण?

मी साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईला आले. नवरा आवडी नावाच्या उपनगरात संरक्षण खात्याच्या कारखान्यात, राहायला तिथलंच क्वार्टर, आणि माझी बँक नुंगंबाक्कमला. आमच्या मंडळात दोन तऱ्हेची माणसं होती. एक आमच्यासारखी, बदलीनं नाहीतर लग्नानं आलेली. दुसरी तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारी. त्यांची मराठी आम्हाला जुनाट वाटायची आणि आमची त्यांना उद्धट. भांडण नव्हतं, पण फराळाच्या चवीवरून कुरबूर कायम असायची.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अक्का. अक्का तंजावरकडच्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, वय सत्तरीकडे झुकलेलं. त्यांच्या वडिलांकडून त्यांना जुनी मराठी पदं मिळाली होती, तिकडच्या कीर्तनांतली. ती पदं पूर्ण चालींसकट येणारं दुसरं माणूस निदान आमच्या माहितीत नव्हतं. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत जर्मनीतल्या एका लहानशा गावचं गायकमंडळ चेन्नईला आलं, आमच्या सभासदांच्या घरी राहिलं, सांबार-भात खाऊन घामाघूम झालं आणि आमच्या कार्यक्रमात गायलं. त्यांच्यानंतर अक्का गायल्या. त्यांतली एक उंच बाई उठून पुढे आली, अक्कांसमोर खाली बसली आणि पद संपेपर्यंत हललीच नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. सप्टेंबरात तुमच्यातल्या पाच जणांनी आमच्याकडे या, राहणं-जेवण आमचं, विमानाचं तिकीट तुमचं. त्या गाणाऱ्या आजी येतील ना?

मी पत्र घेऊन अक्कांकडे गेले. मला वाटलं, आता 'छे गं, मी कुठे या वयात' वगैरे होईल आणि मला अर्धा तास आग्रह करावा लागेल. तशी तयारीनंच गेले होते. तर अक्कांनी पत्र दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "मला जायचं अहे." त्या 'आहे'ला 'अहे' म्हणत. "खूप जायचं अहे मा. तिरुपतीपलीकडे मी काही बघिटलं नाही." इतकं स्वच्छ 'मला हवंय' म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः रांगेत उभ्या राहून पासपोर्टचा अर्ज देऊन आल्या. सकाळी भाताऐवजी पाव खाऊन बघायला लागल्या, सवय व्हावी म्हणून. पाव आवडला नाही, तरी खायच्या.

आता प्रश्न तिकिटांचा. मंडळाच्या ट्रस्टकडे एक प्रमाणपत्र होतं. त्याला सगळे एटी-जी म्हणायचे. म्हणजे आम्हाला देणगी दिली की तिच्यातली निम्मी रक्कम देणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची. हे एटी-जी म्हटलं की मार्चमध्ये माणसांचे चेहरे कसे उजळतात, ते बघण्यासारखं असतं. एरवी वर्षभर फोन न उचलणारे लोक माझ्या बँकेत काउंटरवर येऊन उभे राहिले. "एटी-जी अहे ना? नक्की अहे ना?" संस्कृती, देवाणघेवाण, जर्मनी यांतला एक शब्द कुणाला ऐकायचा नव्हता. प्रमाणपत्राची झेरॉक्स मी इतक्या जणांना दिली, की ती मला पाठ झाली होती.

त्यात ट्रस्टचा पैसा परदेशवारीवर खर्च करायचा तर दिल्लीहून वेगळी परवानगी लागते, हे आमच्या ऑडिटरनी सांगितलं. तीही मी मिळवली. अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. नवरा म्हणायचा, एवढ्या चिकाटीनं माझ्या बदलीचा अर्ज केला असतास तर! ती परवानगी हातात आली तेव्हा मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. आणि आपटले कुठे, तर पावतीवर.

सर्वांत मोठी देणगी एका मामांची होती. नात्यानं कुणाचे मामा नव्हेत. चेन्नईत वडीलधाऱ्या पुरुषाला मामाच म्हणतात. ते यंत्रांच्या सुट्या भागांचे व्यापारी. धंदा मुलाच्या ताब्यात देऊन स्वतः कोवलमला समुद्राजवळ घर बांधून राहत होते. निम्मी रक्कम त्यांनी मार्चमध्ये दिली आणि निम्मी जुलैत, तिकिटं काढायच्या वेळी देतो म्हणाले. चेक घेताना मी बँकेतल्या सवयीनं विचारलं, "पावती कोणाच्या नावानं?"

मामांनी एक नाव सांगितलं. मी लिहिलं. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका मामींनीही त्यांच्या देणगीसाठी एक नाव सांगितलं. तेही लिहिलं. त्या महिन्यात तंजावरकडच्या जितक्या घरांनी देणगी दिली, त्या सगळ्यांना मी हाच प्रश्न विचारला आणि सगळ्यांनी न अडखळता नाव सांगितलं. कसं अडखळतील? देवळात अर्चना करायची तर भटजी हेच विचारतात, अन्नदानाला पैसे द्यायचे तर हेच विचारतात, आणि या घरांतून जन्मभर एकच उत्तर दिलं जातं: गेलेल्या वडिलांचं नाव. दान द्यायचं ते अप्पांच्या नावानं. स्वतःचं नाव सांगणं म्हणजे बढाई. आणि त्यांच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, त्यामुळे नाव ऐकून माणूस जिवंत की मेलेला हे मला कुठून कळणार? विचारायला हवं होतं, हे खरं. नाही विचारलं.

जुलैत मामांच्या मुलाचा बँकेत फोन आला. तो इंग्रजीतच बोलायचा, आणि वाक्यागणिक मला 'मॅडम' म्हणायचा, त्यानं मला आणखी चीड यायची. त्यानं विचारलं, माझ्या आजोबांना जाऊन बावीस वर्षं झाली, त्यांचा इन्कम टॅक्स तुम्ही भरणार आहात का?

मी पावतीपुस्तक काढून बसले आणि एकेका घरी फोन करून विचारलं. अकरा पावत्या, अकराही कैलासवासी. आमचे ऑडिटर भले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, जुनी पावती परत आणा, रद्द करा, मग देणाऱ्याच्या नावानं नवी द्या. जुनी परत आल्याशिवाय नवी देणार नाही, एका देणगीच्या दोन पावत्या मी बाहेर फिरू देणार नाही.

दहा पावत्या परत आल्या. लोक मला वाट्टेल ते बोलले. एका मामींनी तर "सातारचे लोक घाईचेच" असं माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला ऐकवलं. ऐकून घेतलं. राहिली मामांची. आणि मुलानं साफ सांगितलं, नीट पावती नाही तर उरलेली निम्मी रक्कम नाही. एजंटनं तिकिटांचा सवलतीचा दर शुक्रवारपर्यंत धरून ठेवला होता.

बुधवारी रजा टाकून मी कोवलमच्या बसमध्ये बसले. शेजारी मासळीच्या रिकाम्या टोपल्या, डोक्यावर ऊन आणि मनात एकच वाक्य: मामा, तेवढी पावती द्या. मामांनी प्रेमानं कॉफी दिली. मग हात धरून देवघरात नेलं. तिथे त्यांच्या अप्पांचा फोटो, आणि फोटोखाली काचेच्या फ्रेममध्ये माझी पावती! माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची, वर कुंकवाचं बोट लावलेलं.

"अप्पा कोर्टात कारकून होते," मामा म्हणाले. "जन्म भाड्याच्या घरात गेला. त्यांच्या नावाचा कागद कुठे म्हणजे कुठे नाही. हा पहिला."

मला भडभडून आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला, की फ्रेम उचलून पळत सुटावं असं वाटलं. मी म्हटलं, "मामा, नव्या पावतीवर अप्पांच्या स्मरणार्थ असं लिहून देते. मोठ्या अक्षरात लिहिते."

"नवीत माझं नाव वर येईल. अप्पांना दिलेलं मी परत कसं घेऊ?"

"बरं, पावती हरवली असं एक पत्र द्या. ऑडिटरना तेवढं चालेल."

"अप्पांच्या समोर खोटं लिहू?"

"मग बाहेर ओसरीवर बसून लिहा हो!" मी ओरडलेच. मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामा मात्र रागावले नाहीत. त्यांनी मुलाला फोन लावला, आपल्याला करसवलत नको, पैसे देऊन टाक, असं तमिळमध्ये तीनदा सांगितलं. पण चेकवर सही आता मुलाची होती. फोन ठेवून मामा म्हणाले, "तो ऐकत नाही." आणि मला दुसरी कॉफी विचारली. सज्जन माणसाच्या हट्टापुढे काय डोकं आपटायचं, सांगा!

गुरुवारी संध्याकाळी कमिटीची बैठक. पैसे चार तिकिटांपुरतेच होते. कोणाला गाळायचं, यावर सगळे पंख्याकडे बघत बसले. मृदंग वाजवणारा हवाच, त्याच्याशिवाय कार्यक्रम कसला. नाचणारी मुलगी अध्यक्षांची सून. उरलेल्या दोघांसाठीही बोलणारं कोणी ना कोणी होतंच. मग अध्यक्ष खाकरून म्हणाले, "अक्कांना तिकडची थंडी सोसेल का? आपण त्यांच्या तब्येतीचाही विचार करायला हवा." लगेच सगळ्यांना अक्कांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. कुणाला त्यांचे गुडघे आठवले, कुणाला रक्तदाब. अक्कांना रक्तदाब नव्हता. पत्रात त्यांच्याबद्दलच विचारलंय, त्यांच्यासाठी बोलावलंय, हे मी बोलले. एकदा बोलले. मग अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पावत्यांचा घोळ झाला नसता तर हा प्रश्नच आला नसता, नाही का?"

मी म्हटलं, "बरं." सहा महिने त्या पावत्या-परवानग्यांनी माझा जीव खाल्ला होता, मला आवडीला जाणारी लोकल गाठायची होती, घरी जाऊन पाठ टेकायची होती. 'बरं' म्हटलं आणि उठले. चार नावं गेली.

आमच्याकडे ठेवीत पैसे होते. एक तिकीट सहज निघालं असतं, नवराही नाही म्हणाला नसता. हे मला सुचलं शनिवारी सकाळी, भाजी चिरताना. तोवर सवलतीचा दर संपला होता, जर्मनीला यादी गेली होती, आणि मी पुन्हा फोनाफोनी करून बघितली तेव्हा एजंट म्हणाला, त्या विमानात आता जागाच नाही. इतके महिने लोकांच्या खिशात हात घालत फिरले, आणि माझा स्वतःचा खिसा मला दिसलाच नाही. याचा राग कोणावर काढू?

तशीच अक्कांकडे गेले. आडवळण न घेता सगळं सांगितलं, कोवलमची फ्रेम, बैठक, माझं 'बरं', सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, रडतील. निदान मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या अप्पांची पावती राहिली," त्या म्हणाल्या.

"राहिली."

"सरी." म्हणजे ठीक. मग म्हणाल्या, "तू कार्यवाह अहेस, म्हणून सांगते. मी मेल्यावर माझ्या नावानं कोणी पैसे घेऊन आलं, तर घेऊ नको, हां. मला आत्ता जायचं होतं."