डोहात पाणी होतं

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून मी केज तालुक्यात होतो, तेव्हा आमच्या बंधाऱ्याखाली नदीत एक लांबट डोह होता. काठावर दोघे भोई भाऊ राहायचे. थोरला होडीतून बायामाणसांना पलीकडच्या शेतात सोडायचा. मासे दोघे मिळून धरायचे. माझी बायको-मुलं बीडला, मी इथं एकटा. रविवारी थोरल्याच्या होडीत जाऊन बसायचो.

"हलू नका सायेब," तो म्हणायचा. "तुमी हललात की माशांना वाटतंय बंधाराच फुटला."

एका वर्षी पाऊस कमी झाला. वरून विचारणा आली, की उन्हाळ्यात मासे जगावेत आणि होडी चालावी म्हणून बंधाऱ्यातून कमीत कमी किती पाणी सोडत राहावं लागेल. उत्तर मी द्यायचं होतं. बंधाऱ्यातलं पाणी उसाला हवं होतं आणि ऊसवाले पुढारी मला रोज चहाला बोलवत होते.

मोजपट्टी डोहात रोवलेली होती, कारण जीप तिथवरच जायची. पट्टीवर पुरुषभर पाणी दिसलं. पण डोह म्हणजे खोलगट भांडं, नदी वाहायची थांबली तरी तो भरलेलाच दिसतो. धार चालू आहे की नाही, हे त्याच्या वरच्या उथळ खडकांत पाहायचं असतं. तिथवर उन्हातून चालावं लागे. मी गेलो नाही. गेलो असतो तर काय दिसलं असतं, ते मला माहीत होतं. 'डोहात पुरेसे पाणी आहे, सोडण्याची गरज नाही,' असं मी कळवलं. बंधाऱ्याची दारं बंद झाली.

साचलेलं पाणी हिरवं झालं, तापलं. एका सकाळी डोहभर माशांची पांढरी पोटं तरंगत होती. गाव काठावर जमलं.

"थोरल्या भोयानंच इख कालवलं. एका दमात माल काढाया बघत होता," कुणीतरी म्हणालं.

थोरला माझ्याकडं वळला. "सायेब, तुमी शिकलेले. सांगा की ह्यांना."

"तपासावं लागेल," मी म्हणालो.

कुणीच काही तपासलं नाही. गावानं त्याच्या होडीत बसणं सोडलं. पुढचा पाऊस पडायच्या आत तो बायको-पोरांना घेऊन परळीकडं वीटभट्टीवर गेला. धाकटा गावातच राहिला. माझीही बदली झाली.

आता मी निवृत्त, बायको गेली, मुलं पुण्यात. मागच्या महिन्यात खात्यातल्या एका तरुण अभियंत्याचा फोन आला. त्याच नदीत किमान किती पाणी ठेवायचं, हे पुन्हा ठरवायचं होतं. मी म्हणालो, "डोहात मोजू नका. वरच्या उथळ्यात मोजा." फोन ठेवला आणि घरात बसवेना.

परळीत थोरला सापडला. मुलाच्या खोलीबाहेर बाजेवर बसला होता. मला ओळखून हसला, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी सगळं सांगितलं. त्यानं कपबशी खाली ठेवली.

"म्हंजे इख न्हवतंच?"

"नव्हतं."

"मी टाकलं न्हाई, हे मला ठावं होतं. मंग मला वाटलं, धाकट्यानंच टाकलं. डोहावर दुसरं होतंच कोण?" तो जमिनीकडं बघत होता. "त्याच्याशी पुन्यांदा बोललो न्हाई. त्याच्या मातीला पण गेलतो न्हाई बे मी."

इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच सायेब सोडून बे म्हणाला.

"जा, गावात सांगा," तो म्हणाला. "भावजय हाय अजून. चारचौघांत सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. पारावरच्या माणसांपुढं, धाकट्याच्या बायकोला बोलावून सांगितलं. एक म्हातारा हसला, "सायेब, आता कावून जुनं उकरता? नदीच राहिली न्हाई."

ती हसली नाही. "मालकानं मरताना थोरल्याची वाट बघितली. तवा ठावं होतं का तुमाला?"

"मासे कशानं मेले, ते तेव्हाही ठाऊक होतं."

ती उठली, पदर सावरून घरी गेली. पारावरचे उसाच्या भावाबद्दल बोलू लागले. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

त्या दिवशी पारावर मोजकीच माणसं होती. म्हणून इथं लिहितो. डोहात विष कुणीही टाकलं नव्हतं, थोरल्यानं नाही आणि धाकट्यानंही नाही. पाणी मी तोडलं होतं.