कोपऱ्यातली केतकी

बास्केटबॉलच्या सामन्याचे शेवटचे दहा सेकंद उरले होते आणि आमच्या कॉलेजच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. झोन डिफेन्स, म्हणजे प्रत्येकीने मैदानाचा आपला भाग राखण्याचा बचाव, शिकवताना मी त्यांना वर्षभर एकच सांगत आले होते, "चेंडूमागे धावू नका, आपापली जागा राखा."

समोरच्या संघाने चेंडू डावीकडे नेला. आमच्या चौघी तिकडे सरकल्या. उजव्या कोपऱ्यात केतकी एकटीच हात पसरून उभी राहिली. माझा धीर सुटला.

"केतकी, धाव!" मी ओरडले.

ती हलली नाही. तेवढ्यात चेंडू उजवीकडे आला, लांबून हमखास बास्केट करणाऱ्या त्यांच्या मुलीकडे. पण तिच्यासमोर केतकीचे हात होते. घाईत मारलेला चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली.

बाकीच्या नाचत होत्या. केतकी माझ्याकडे आली.

"सॉरी मॅडम, तुम्ही धाव म्हणालात, पण मला जागा सोडवेना."

जिथे अजून काहीच घडत नाहीये, ती जागा राखत उभं राहणं किती अवघड असतं, हे शिकवणाऱ्या मलाच त्या दिवशी कळलं.

"बरं झालं, माझं ऐकलं नाहीस," मी म्हणाले आणि तिचे गार पडलेले हात हातात घेतले.