इंजिनाच्या पोटातला दुधाचा दात

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडायच्या आधी मान वर करत. डोक्याच्याही वर, भिंतीच्या कडेने एक अरुंद फळी फिरवलेली होती आणि तिच्यावर रूळ. चावीच्या जुन्या, पत्र्याच्या आगगाड्या जमवायचा बाईंना भारी नाद. नवरा म्हणे, "आमच्या घरात पाहुण्यांना जागा नाही, डब्यांना आहे."

एकदा भंगारवाल्याने एक हिरवं इंजिन आणून दिलं. रंग नवाकोरा, चाकांवर ओरखडाही नाही. पण चावी दिली की जेमतेम हलायचं आणि गपकन थांबायचं. कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी खुळखुळायचं.

बाईंनी टपाचे दुमडलेले पत्रे अलगद सरळ करून इंजिन उघडलं. वाळून चिकट झालेलं ग्रीस खरवडताना दातेरी चक्रांच्या मध्ये काहीतरी पांढरं दिसलं. चिमट्याने बाहेर काढलं, आणि बाई मोठ्याने हसल्याच. दुधाचा दात! खालचा, पुढचा. पण तो आत गेला कसा? वाट एकच, धुराड्याची. म्हणजे कुणीतरी मुद्दामच टाकलेला.

बाईंना चैन पडेना. इंजिन ज्या घरातून आलं, त्याचा पत्ता भंगारवाल्याकडून घेतला. घर रिकामं झालं होतं, पण शेजारणीने मालकाचा नवा पत्ता सांगितला. मालक म्हणजे आयुष्यभर चष्मे विकलेले एक आजोबा. इंजिन पाहून ते उभेच राहिले.

"अहो, ही तर माझी गाडी! आणली आणि लगेच बंद पडली. मग कपाटातच राहिली."

"आणि हा दात तुमचा?"

"छे! माझे तेव्हा पडायलाही लागले नव्हते. पडत होते ते ताईचे..." आजोबा बोलता बोलता थांबले आणि त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, माझ्या गाडीत तुझा दात सापडलाय."

पलीकडून बाईंनाही ऐकू येईल असं खळखळून हसू. "सापडला एकदाचा! मुलीला गाडी कशाला, म्हणाले होते बाबा. आणि तू तर मला हात लावू देत नव्हतास. म्हटलं, मग कुणालाच नको!"

रविवारी दोघं भावंडं दवाखान्यात आली. काठी भिंतीला टेकवून आजींनी चावी हातात घेतली आणि थबकल्या.

"कुठल्या बाजूने फिरवायची गं? मला कधी मिळालीच नाही."

बाईंनी दाखवलं, मग स्टुलावर चढून इंजिन रुळावर ठेवलं. ते सुटलं, वळणावर कललं, सावरलं. आजी त्याच्यासोबत गोल गोल फिरत राहिल्या. आजोबा मात्र बहिणीकडेच पाहत होते.

बाईंनी इंजिन परत देऊ केलं. आजींनी हात झटकला. "घरी नेलं तर हा पुन्हा मालक होऊन बसेल. इथेच राहू दे."

तेव्हापासून दोघं अधूनमधून येतात. चावी आजींच्या हातात असते. आजोबा जवळ सरकून हळूच म्हणतात, "ताई, एकदाच मला?" ताईंची लहर असेल, तर मिळते.