एकटं हिरवं पान

"आधी बोट, मग डोळा," असं न्हाणकाकूंचं सदाचं म्हणणं. वस्तुसंग्रहालयातल्या जुन्या चिनी बरण्या वर्षातून एकदा धुवायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. बोटातली अंगठी काढून ठेवायची, टबात जाड पंचा अंथरायचा आणि कोमट पाण्यात बरणी अशी उतरवायची की पाण्यालाही कळू नये. कारकून म्हणायचा, काकूंनी पोटच्या पोरांना एवढ्या मायेनं न्हाऊ घातलं नसेल. त्यावर काकू म्हणायच्या, पोरं हातातून निसटली तरी फुटत नाहीत रे बाबा.

त्यांची लाडकी बरणी हातभर उंच, दुधासारखी पांढरी. अंगावर गुलाबी फुलांचे झुबके. मिन्याचा रंग झिलईवर किंचित उठलेला, त्यामुळे पाकळ्या बोटाला लागायच्या. फक्त एक हिरवं पान फांदीला सोडून एकटंच तरंगत होतं.

नवे साहेब शिकलेले आणि बोलायला गोड. त्यांच्या मते ते पान मागाहून कुणीतरी रंगवलेलं होतं. दुपारी ते पात्यानं खरवडून काढायचं ठरलं. काकूंनी ते ऐकलं. एकदा गेलेलं पान परत कुठून आणायचं? त्यांनी बरणी कोरडी केली आणि ती छातीशी धरून बसून राहिल्या. साहेबांनी मागितली तरी देईनात. शेवटी साहेबांनी आवाज न चढवता बजावलं, काकू, तुमचं काम धुण्याचं.

"धुते म्हणूनच सांगते," काकू म्हणाल्या. "डोळे मिटा, नि पानावरून बोट फिरवा."

साहेबांनी हसत डोळे मिटले. पानाच्या पोटात मोहरीएवढा उंचवटा लागला आणि त्यांचं हसू थांबलं.

"भट्टीत खडा चिकटला, साहेब. चितारणाऱ्यानं त्याच्यावर पान काढलं नि बरणी पुन्हा भाजली. पान त्याचंच आहे."

साहेबांनी भिंग लावलं. पानाची कड झिलईत वितळून बसली होती. मागाहून लावलेला रंग असा बसत नाही, हे त्यांनी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. त्यांनी पातं डबीत ठेवलं आणि विचारलं, अशी पानं आणखी कुठे आहेत?

"उद्या दाखवते. आज हात पाण्यानं सुरकुतलेत," म्हणत काकूंनी अंगठी घातली, पिशवी उचलली आणि त्या निघाल्या, नेहमीसारख्या सावकाश, भिंतीच्या कडेकडेनं. जिन्याच्या खिडकीत साहेब उभे होते. काकू कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बघत राहिले.